डावीकडची खुर्ची

२ नोव्हेंबर १८५६, रविवार

झिलाने नवी वही आणून दिली. बोट बोट अंतरावर जाड काळ्या रेघा, तिनेच आखलेल्या. म्हटलं, "ही काय अक्षरं गिरवणाऱ्या पोराची वही?" तर म्हणे, "बाबा, तुमचं अक्षर मोठं आहे ना, म्हणून." अक्षर मोठं नाही, शाई पातळ येते हल्ली. असो. पोरीने कष्टाने आखलीय, तर लिहितो.

आज 'तीन धोटे' गुत्त्याच्या मागच्या खोलीत आमच्या शेवाळ-मंडळाची सभा झाली. माझ्याखेरीज चौदा जण, सगळे हातमागवाले, एक सेथ फेअरक्लो तेवढा मोची. तो आमचा चिटणीस. टेबलावर महिनाभरात गोळा केलेल्या शेवाळाचा ढीग. मी एकेक नमुना उचलायचा, त्याचं लॅटिन नाव एकदाच, मोठ्याने सांगायचं, सेथने चिठ्ठी लिहून पुडीला डकवायची. मी खुर्चीवरून उठेपर्यंत दुसऱ्या कुणी नाव उच्चारायचं नाही. हा नियम माझा, एकोणीस वर्षांपूर्वीचा. त्याआधी नमुना डावीकडून हातोहात फिरायचा आणि जो तो आपलं नाव ठोकून द्यायचा. आमच्यातल्या कुणापाशी पुस्तक नाही, जे कानावर पडेल ते डोक्यात बसतं, आणि चौदा तोंडं म्हणजे चौदा नावं. नियमाला विरोध एकट्या एनॉक हॅलीवेलचा होता. हरला. तेव्हापासून माझ्या डावीकडच्या खुर्चीत बसून खोकतोय.

आज त्याने भिंतीवरच्या शेवाळाची उशी माझ्या तळहातावर ठेवली आणि वटवट सुरू. "आमच्या धुराड्यावरचं हो, अध्यक्षमहाराज. पाद्रीबुवा आले की शाळेतली पोरं उभी राहतात ना, तसं एकेक ताठ!" सगळे हसले. मी ग्रिमिया म्हणून सांगितलं आणि नवशिक्यांसाठी पुन्हा समजावलं, की भिंतीवर करड्या केसाळ उशा दोन जातींच्या असतात. ग्रिमियाचा देठ वाकून आपलं बोंड पानात खुपसतो, टॉर्टुलाचा सरळ उभा राहतो. एवढं शिकलात तरी जन्माचं सार्थक झालं. खोली गप्प झाली. कुणालाच ठाऊक नसणार. एनॉकला खोकल्याची उबळ आली.

आणि मोठी बातमी. लंडनहून विल्ब्रॅहमसाहेबांचं पत्र. देशभरच्या शेवाळांचा ग्रंथ लिहीत आहेत, मार्चमध्ये आमची नमुन्यांची पेटी बघायला येणार. नमुने चोख असले तर ग्रंथात छापणार: 'नाव दिले, जेबेझ ऑलरेड, विणकर'. पत्र एनॉकने वाचून दाखवलं, माझं भिंग घरी राहिलं होतं.

५ नोव्हेंबर

गिरणीचा धूर खाली बसलाय. दुपारी तीनलाच अंधार. दिव्याच्या तेलात भेसळ आहे, दुसरं काय. कापडात तीन ठिकाणी धागा सुटला आणि मला पत्ता नाही. झिलाने काही न बोलता सांधला. तिचं न बोलणं मला आवडत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

कुणीतरी बाक हलवला होता. नडगी सोलून निघाली. झिला म्हणते, बाक आई गेल्यापासून तिथेच आहे.

एनॉकबरोबर घळीत गेलो. वाटभर माझं कोपर धरून चालत होता. म्हटलं, "लग्नाला निघालोय का आपण?" म्हणाला, "माझा तोल जातो रे, तुझा आधार हवा." ठीक आहे, म्हाताऱ्याला आधार दिला. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे आणि छाती बघा, भात्यासारखी वाजते.

धबधब्याच्या ओल्या खडकापाशी बसलो. बावीस वर्षांपूर्वी इथेच मला ते बारीक सोनेरी शेवाळ सापडलं होतं, जे तोवर या देशात कुणी पाहिलं नव्हतं. तेव्हा मागावर समोर कागद टोचलेला असायचा, धोटा एकदा गेला की एक नाव, परत आला की दुसरं. असे अकराशे पाठ केले. शाळेत मी आठ महिने गेलो असेन. पण मोठमोठ्या लोकांनी त्या शेवाळाबद्दल मला पत्रं लिहिली, 'प्रिय महाशय' म्हणून. बायको चर्चमधल्या बायांना सांगत सुटली होती.

एनॉक म्हणाला, "आहे का रे अजून ते?" मी म्हटलं, "आहे की. हे काय." तो गुडघे वाजवत खडकाशी वाकला. मग म्हणाला, "हो. छान वाढलंय." परत येताना जास्तच खोकला.

७ डिसेंबर, रविवार

सभा बरी झाली. बावीस नावं. एनॉक प्रत्येक नमुना देताना कुठून आणला, ओल्या जागी की सुक्या, दगड की झाड, सगळं पाल्हाळ लावतो. मी काय नवशिका आहे? एकदा तर नमुना हातात यायच्या आधीच म्हणाला, "जळक्या जमिनीवरचं, पाणी लागलं की देठ पीळ सोडतात." म्हणजे फ्युनेरिया, कुणीही सांगेल! दटावला. नंतर तीन नमुने मुकाट्याने दिले.

निघताना गुत्त्याच्या मालकीण पेशन्सबाई म्हणाल्या, "तुमचे हॅलीवेल थांबतात हं मागे. प्रत्येक सभेनंतर तासभर पेटी उघडून बसलेले असतात. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय."

मी काही सांगितलेलं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

लिहिलं पाहिजे.

न सांगता 'तीन धोटे'त गेलो. मागच्या खोलीच्या दाराशीच शाईचा वास आला. आणि टाकाची कुरकुर. "कोण आहे?" टाक थांबला. मग एनॉकचा आवाज, "मी रे. चिठ्ठ्या सुटल्यात, डकवतोय."

पेटीत हात घातला. वरच्या थरातल्या पुड्यांवर खळ ओली. एक नाही, दोन नाही. पेशन्सबाईंना हाक मारली, एक पुडी हातात दिली, वाचा म्हटलं. त्यांनी अक्षर लावत वाचलं, "टॉर्टुला. एनॉकच्या धुराड्याची भिंत. नोव्हेंबर."

चौदा माणसांसमोर मी त्याला ग्रिमिया म्हटलं होतं! माझं नाव खोडून स्वतःचं लिहितोय, आणि साहेब मार्चमध्ये येणार! सव्वीस वर्षं ज्याच्याबरोबर भाकरी वाटून खाल्ली तो हा माणूस. विचारलं, "किती बदलल्यास?" म्हणाला, "बऱ्याच." एवढंच. माफी नाही, काही नाही. मी त्याला चोर म्हणालो. त्याहून वाईटही म्हणालो.

"जेबेझ, खाली बस जरा," म्हणाला. मी बसलो नाही. येताना फाटकाला धडकलो.

४ जानेवारी १८५७, रविवार

झालं एकदाचं. सभेत नियम वाचून दाखवला, पाठच आहे मला. चिठ्ठीला अध्यक्षाच्या परवानगीशिवाय हात लावील त्याला मंडळात जागा नाही. मग विचारलं, "एनॉक हॅलीवेल, चिठ्ठ्या बदलल्यास?"

"बदलल्या."

"का?"

त्याने घसा साफ केला. "खुर्ची हवी होती तुझी. मत्सर रे, दुसरं काय."

सेथ मध्येच म्हणाला, "एनॉक, अरे सांग ना त्याला..." एनॉक त्याच्यावर खेकसला, "तू मोची आहेस, टाके घाल!" एरवी कोणी हसलं असतं.

एकेकाला विचारलं. तेराही जण हो म्हणाले. पण असे, की कुणी दाढ उपटतंय. एनॉक उठला, आणलेले नमुने टेबलावर ठेवले. माझ्या खुर्चीपाशी थांबला. वाटलं, आता तरी काही म्हणेल. म्हणाला, "जाताना पायरी सांभाळ, बर्फ आहे." आणि गेला.

मी जिंकलो. पण जेवण गेलं नाही.

११ जानेवारी, रविवार

पेटी घरी आणलीय. झिलाला बसवलं. मला प्रत्येक नाव पाठ आहे, कुठल्या सभेत कुठल्या पुडीला काय दिलं ते सगळं. मी सांगायचं, तिने जुनी चिठ्ठी काढून नवी डकवायची, मग मोठ्याने वाचून दाखवायची. एनॉकच्या अक्षरातल्या सत्त्याऐंशी पुड्या निघाल्या. एवढ्या! नालायकाने वर्षभराचं सगळं नासवलं.

झिला मधूनमधून नाक ओढते. विचारलं तर म्हणते, खळीचा वास सोसत नाही.

१८ जानेवारी

सत्त्याऐंशी पुऱ्या झाल्या. झिलाने सगळ्या वाचून दाखवल्या. शेवटी म्हणाली, "बाबा, एनॉककाकांना एकदा भेटा ना." म्हटलं, त्याचं नाव या घरात नको.

१ फेब्रुवारी, रविवार

नऊच जण आले. थंडी फार. नमुने कुचके, चुरगाळलेले. पाच तसेच परत केले, सांगितलं की असला कचरा आणू नका. नमुना हातावर ठेवतात आणि गप्प. कुठून आणला हेसुद्धा नाही. हेच मला हवं होतं, नाही का? डावीकडची खुर्ची कुणी घेतली नाही. मी सेथला बस म्हटलं, तर म्हणाला त्याला शेकोटीजवळच बरं वाटतं.

चार नावं सांगितली. ती सांगताना प्रत्येक नमुना दोनदा चाचपला. तेलात भेसळ आहे हे खरं, पण आज दुपार होती आणि मी खिडकीशी बसलो होतो. यापुढे आज लिहीत नाही.

१४ फेब्रुवारी

एनॉक अंथरुणाला खिळलाय म्हणे. झिला मला न विचारता त्याच्यासाठी मटणाचा रस्सा घेऊन गेली. परत आली ती निरोप घेऊन. "काकांनी सांगितलंय, ओढ्यावरच्या साकवाची मधली फळी तुटलीय, बाबांना वरच्या वाटेने जायला सांग."

तिडीक गेली डोक्यात. "मला रस्ता शिकवतो? मी काय आंधळा आहे?"

झिला भांडं घासत होती, ते घासायचं थांबलं. मग पुन्हा घासायला लागली.

मी वरच्या वाटेने गेलो. चिखल कमी होता म्हणून.

१० मार्च, मंगळवार

क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिणार नाही.

साहेब सकाळी आले. मऊ आवाजाचा माणूस, माझ्याशी हात मिळवला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. दिवसभर मागच्या खोलीत पेटी उघडून, सूक्ष्मदर्शक लावून बसले. मी समोर, माझ्या खुर्चीवर. झिला कोपऱ्यात. कागदांची सळसळ आणि मधूनच 'वा'. माझा शर्ट घामाने भिजला. चार वाजता त्यांनी पेटी मिटली.

"ऑलरेड, मी मोठमोठ्या शहरांतल्या पेट्या बघितल्यात. गेल्या वर्षाच्या एवढ्या पुड्या, आणि एक चिठ्ठी चुकलेली नाही. एकही नाही! ही धुराड्यावरची टॉर्टुला तर काय बोंडांनी लगडलेली आहे. मी ग्रंथासाठी नेतो, चालेल ना?"

मी हो म्हणालो. आभारही मानले. सेथने बिअर मागवली, सगळ्यांनी माझं नाव घेऊन पेले उचलले. मीही प्यालो. त्यानंतर कुठे ते शब्द माझ्या डोक्यात शिरले. धुराड्यावरची टॉर्टुला. मी झिलाकडून ग्रिमिया लिहून घेतलं होतं. तिने ग्रिमिया वाचूनही दाखवलं होतं.

घराच्या वाटेवर विचारलं, "काय डकवलंस तू?"

"काही नाही डकवलं, बाबा. नुसती खळ लावत बसले. एनॉककाकांच्याच आहेत सगळ्या."

"आणि वाचलंस ते?"

"तुम्ही सांगितलेलं पाठ म्हटलं." मग रडायला लागली. "तुम्हाला दिसत नाही, बाबा. दीड वर्ष झालं. सगळ्यांना माहीत आहे. काकांनी सगळ्यांना शपथ घातली होती, साहेब येऊन जाईपर्यंत कुणी बोलायचं नाही म्हणून. मी कापडं सांधते, काका चिठ्ठ्या सांधत होते."

मी रस्त्यातच उभा राहिलो. ऊन पडलं होतं, ते तोंडाला कळत होतं. झिला कुठे उभी आहे ते कळत नव्हतं. मी ते आज पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं. आता या वहीत करतो. मला दिसत नाही.

सत्त्याऐंशी.

११ मार्च

झिलाने हात धरून नेलं. एनॉकच्या खोलीत मोहरीच्या पोटिसाचा वास. त्याचा श्वास दारातूनच ऐकू येत होता.

"कोण, अध्यक्षमहाराज? वरच्या वाटेने आलात ना?"

मी खाटेच्या कडेला बसलो आणि विचारलं, "मला का नाही सांगितलंस, गाढवा?"

"नियम कुणी केला? तू नाव सांगितल्यावर तोंड उघडायचं नाही." हसला, ते खोकल्यात गेलं. झिलाने त्याला उचलून धरलं. दम परत यायला बराच वेळ लागला. "आणि सांगितलं असतं तर तू खुर्ची सोडली असतीस. तुझ्याजवळ दुसरं आहे काय रे, जेबेझ? बायको गेली, माग बंद पडायला आलाय. म्हटलं, मार्च तरी निघू दे."

"मत्सर म्हणालास चौदा जणांसमोर."

"तो होताच की थोडा. तुझ्या खुर्चीला गादी आहे."

मी रडलो. लाज वाटली नाही. तो म्हणाला, "त्या घळीत तू मला दाखवलंस ना तुझं शेवाळ, तो नुसता ओला दगड होता रे. सोनेरी केव्हाच संपलं तिथलं. तेव्हापासून ठरवलं." मग थोड्या वेळाने, "बोटांवर भरवसा ठेवू नकोस. धागा ओढून ओढून आपली बोटं लाकडाची झालीत. ओठाला लाव. ओठाला कळतं."

मी म्हटलं, रविवारी सभा बोलावतो, सगळ्यांसमोर सांगतो, तुला परत घेतो. "बरं," म्हणाला, "पण सकाळी नको, सकाळी खोकला फार असतो."

१९ मार्च

एनॉक आज पहाटे गेला. सभा व्हायची राहिली. रविवारी त्याला उठवत नव्हतं, मी पुढे ढकलली होती. त्याच्यासाठीच ढकलली होती. काढून टाकलेला माणूस म्हणूनच गेला तो.

५ एप्रिल, रविवार

हे झिलाच्या हातचं आहे. मी सांगतो, ती लिहिते. रेघांची गरज उरली नाही.

तेराही जण आले होते. झिलाने मला खुर्चीपर्यंत आणलं. दारातून मागे वळली, पेशन्सबाईंनी तिला थांब म्हटलं. मी उभ्यानेच बोललो. म्हटलं, मला दिसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, आता मलाही माहीत आहे. साहेबांना मी पत्र लिहवून घेतलंय, की त्या सत्त्याऐंशी नावांखाली माझं नाव छापू नका, एनॉक हॅलीवेल छापा. जानेवारीतला ठराव खोटा होता, तो मी मागे घेतो. कुणाला काही बोलायचंय? सेथ नाक शिंकरत होता.

मग बसलो. टेबलावर एकच नमुना होता. सेथने एनॉकच्या धुराड्यावरून काढून आणला होता, घर रिकामं होण्याआधी. तो मी ओठाला लावला. चौदा माणसांत असं करायची मला आयुष्यभर लाज वाटली असती. देठ ओठाला टोचले, एकेक ताठ, शाळेतल्या पोरांसारखे. त्याने नोव्हेंबरातच सांगितलं होतं.

नाव माझ्या जिभेवर आलं होतं. घेतलं नाही. म्हटलं, "माझा नियम आजपासून मोडला. पूर्वीसारखं करू. नमुना डावीकडून फिरेल, ज्याला जे वाटतं ते त्याने बोलावं, चुकला तर दुसऱ्याने सांगावं."

आणि मी हात डावीकडे पुढे केला. कुणी घेतला नाही. मी तसाच धरून राहिलो. कुठेतरी एक खुर्ची कुरकुरली, ती डावीकडची नव्हती.

शेवटी सेथ हळूच म्हणाला, "अध्यक्ष, ती खुर्ची रिकामी आहे."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "थांबा जरा."